व्हीलॅन टॅग: टीसीपीडंपला दिसतो, माझ्या स्क्रिप्टला दिसत नाही, आणि आता तर अर्धंच बोलणं दिसतंय

काटेवाला (रात्री १२:१०)

राम राम मंडळी. प्रश्न लांबलाय, पण दोन रात्री यात गेल्यात, तेव्हा सगळंच सांगतो.

मी एका साखर कारखान्यात नेटवर्क बघतो. म्हणजे नेटवर्क, प्रिंटर, शेती खात्यातल्या साहेबांचा मोबाइल, सगळंच. हंगाम ऐन भरात आहे. ऊस वजन करायचा काटा गेटजवळ, तिथल्या केबिनमध्ये विंडोजचा एक पीसी. सर्व्हर अर्धा किलोमीटर लांब ऑफिसात, डेबियनवर. मधे फायबर आणि दोन मॅनेज्ड स्विच. व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवर वेगळी ठेवलेली जाळी, तीन आहेत: काटा ११०, कॅमेरे १२०, ऑफिस १३०. सर्व्हरला एकच तार, ती ट्रंक (सगळ्या व्हीलॅनची पॅकेटं एकाच तारेवर, प्रत्येकावर आपापल्या आकड्याची चिठ्ठी, म्हणजे टॅग), आणि तिच्यावर एनो१.११०, एनो१.१३० असे उप-इंटरफेस केलेत. काट्याच्या पीसीचा पत्ता १९२.१६८.११०.२१, सर्व्हरचा शेवट १० ने.

दुखणं असं, की दिवसातून पाच-सात वेळा काट्याचं सॉफ्टवेअर ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणून बसतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप ठीक होतं. तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

मला संशय स्विच लावणाऱ्या ठेकेदाराचा. म्हटलं ११० नीट टॅग होऊन येतच नसणार. सर्व्हरवर पायथनमध्ये तीस ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. रॉ सॉकेट (कच्ची पॅकेटं वाचायची सोय) उघडायचं, एनो१ वर येईल-जाईल ते वाचायचं, लांबी आणि बारा बाइट सोडून पुढचे चार छापायचे. काट्यावरच्या पोराला पिंग लावायला सांगितलं. सगळी पॅकेटं ७४ बाइटची, आणि मॅक पत्त्यांनंतर (कार्डांचे स्वतःचे पत्ते, पहिले बारा बाइट) थेट ०८ ००, म्हणजे साधं आयपी. टॅगचा पत्ता नाही! रात्री साडेनऊला ठेकेदाराला फोन केला, आवाज चढवला, म्हटलं ट्रंक म्हणून पैसे घेतले आणि पोर्ट ॲक्सेसमध्ये, म्हणजे एकाच व्हीलॅनला, टाकलाय. तो म्हणतो, ‘साहेब, ट्रंकच आहे, ॲक्सेस असता तर तुमचं १३० कसं चाललं असतं?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं, पण फोन मीच ठेवला.

मग त्याच इंटरफेसवर, तेच पिंग चालू असताना, टीसीपीडंप (पॅकेटं दाखवणारं तयार साधन) लहान ई देऊन लावलं. तर तिथं प्रत्येक पॅकेटला व्हीलॅन ११० लिहिलेलं, लांबी ७८. एकाच तारेवर, एकाच मिनिटाला दोन साक्षीदार दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत.

पुढं आणखी गंमत. ‘होस्ट १९२.१६८.११०.२१’ एवढंच फिल्टर लावून ४० पॅकेटं फाइलमध्ये घेतली. तीच फाइल तेच फिल्टर लावून परत वाचली तर शून्य. फिल्टर काढलं की चाळीसच्या चाळीस हजर.

शेवटी कुठंतरी वाचलं की हा व्हीलॅन ऑफलोडचा, म्हणजे टॅग काढायचं-घालायचं काम नेटवर्क कार्डावर सोपवण्याचा, खेळ आहे, ईथटूलनं (कार्डाची सेटिंग बदलायचं साधन) आरएक्सव्हीलॅन, म्हणजे येणाऱ्या बाजूचं, बंद करा. केलं. आता स्क्रिप्टमध्ये काट्याकडून आलेलं पिंग अजूनही ७४ आणि बिनटॅगचं, पण सर्व्हरचं उत्तर ७८, आणि त्यात बारा बाइटनंतर ८१ ०० ०० ६ई असं स्वच्छ दिसतंय. आणि टीसीपीडंपला होस्टचं फिल्टर लावलं तर फक्त येणारं पिंग दिसतं, उत्तर दिसतच नाही. काट्यावर फोन करून विचारलं, तो म्हणतो उत्तरं धडाधड येतायत.

डोकं चालेना झालंय. कुणावर विश्वास ठेवायचा?

---

बूटमारो (रात्री १२:३२)

टीएक्सव्हीलॅन (जाणाऱ्या बाजूचं) पण बंद करा आणि सर्व्हर रीबूट मारा. माझ्याकडं असंच झालेलं, रीबूटनं गेलं.

---

जुनाकर्नल (सकाळी ६:५५)

रीबूट मारू नका. रीबूट मारलात तर ईथटूलचा बदल पुसला जाईल, सगळं पहिल्यासारखं होईल आणि ‘गेलं’ असं वाटेल. वरच्या भाऊंचं तसंच झालं असणार.

काटेवाले, तुम्ही पुरावे इतके नीट मांडलेत की अर्धं उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. फक्त दोन गोष्टी सांगा. ईथटूल लहान आय देऊन ड्रायव्हरचं नाव काय येतं? आणि लहान के देऊन व्हीलॅनच्या ओळींत आत्ता काय काय बंद दिसतं?

---

काटेवाला (सकाळी ७:२०)

ड्रायव्हर आयजीबी, इंटेलचं कार्ड आहे. आणि आरएक्स, टीएक्स दोन्ही बंद दिसतायत! देवाशपथ, मी टीएक्सला हात लावला नव्हता.

---

जुनाकर्नल (सकाळी ८:४०)

तुम्ही नाही, ड्रायव्हरनं लावला. आयजीबीमध्ये या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालू-बंद करायची सोय नाही. आरएक्स बंद केलं की ड्रायव्हर टीएक्सलाही त्याच्या मागं ओढतो. मोठा के देऊन बदल केला तेव्हा ईथटूलनं खाली ‘प्रत्यक्ष झालेले बदल’ म्हणून दोन-तीन ओळी छापल्या असतील. त्या कुणी वाचत नाही, मीही वाचत नसे.

आता सुरुवातीपासून. टॅग म्हणजे चार बाइट. मॅक पत्ते सहा आणि सहा, असे बारा बाइट झाले की मधे हे चार घुसतात: आधी ८१ ००, म्हणजे ‘पुढं टॅग आहे’, आणि मग दोन बाइट, ज्यांत ३ बिट प्राधान्याचे, १ बिट वेगळा आणि १२ बिट व्हीलॅनच्या आकड्याचे. तुमचं ०० ६ई म्हणजेच ११०. त्यामागं नेहमीचं ०८ ००. विंडोजचं साधं पिंग ३२ बाइट माल, ८ आयसीएमपी, २० आयपी, १४ ईथरनेट, एकूण ७४. टॅगसकट ७८. म्हणजे तारेवर दोन्ही दिशांना ७८ च चाललं होतं, पहिल्या दिवसापासून. ठेकेदार खरं बोलत होता.

मग तुमच्या स्क्रिप्टला ७४ का? तुमच्या गेटचंच उदाहरण घ्या. गाडी आत येताना वॉचमन चिठ्ठी काढून घेतो आणि नंबर रजिस्टरला लिहितो. आतल्या माणसाला गाडी दिसते, चिठ्ठी दिसत नाही, पण नंबर हरवलेला नसतो. कार्ड तेच करतं. चार बाइट कापून व्हीलॅनचा आकडा बाजूला लिहून देतं, ड्रायव्हर तो पॅकेटच्या सोबतच्या नोंदीत ठेवतो, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या नोंदीवरून पॅकेट एनो१.११० कडे पाठवतो. तुमचं रॉ सॉकेट फक्त गाडी बघतं. लिबपीकॅप, म्हणजे टीसीपीडंपच्या पोटातली लायब्ररी, रजिस्टरही मागून घेतं. ते सॉकेटवर पॅकेट_ऑक्सडेटा नावाचा पर्याय लावतं, प्रत्येक पॅकेटबरोबर ती नोंद वाचतं, आणि दोन्ही मॅक पत्ते चार बाइट मागं सरकवून मधल्या फटीत टॅग पुन्हा बसवतं. टीसीपीडंपमध्ये तुम्ही जो टॅग बघता तो तारेवरून आलेला नसतो, नोंदीवरून परत शिवलेला असतो. खरा असतो, पण शिवलेला असतो.

आता फाइलची भानगड. फिल्टर लावता तेव्हा ते चालतं कर्नलमध्ये, आणि तेव्हा टॅग अजून शिवलेला नसतो. म्हणून ‘होस्ट अमुक’ म्हटलं की बाराव्या बाइटला ०८ ०० सापडतं, पत्ता जुळतो, पॅकेट पुढं येतं. त्यानंतर लिबपीकॅप टॅग शिवतं आणि फाइलमध्ये टॅगवालं पॅकेट पडतं. तीच फाइल वाचताना तेच फिल्टर आता बाराव्या बाइटला ८१ ०० बघतं, म्हणतं हे आयपीच नाही, आणि सोडून देतं. म्हणून शून्य. फाइलवर ‘व्हीलॅन ११० अँड होस्ट अमुक’ असं लिहा, चाळीस परत येतील. क्रम महत्त्वाचा आहे. ‘व्हीलॅन’ हा शब्द आला की त्याच्या पुढचं सगळं चार बाइट सरकवून तपासलं जातं, मागचं नाही. ‘होस्ट अमुक अँड व्हीलॅन ११०’ असं उलटं लिहिलंत तर फाइलमधलं एकही जुळणार नाही.

राहिली अर्धी बाजू. लोक सगळीकडं लिहितात की आरएक्सव्हीलॅन बंद करा, टॅग दिसेल. फार जुन्या कर्नलवर ते खरं होतं. २०११ च्या ३.० कर्नलपासून, कार्डानं टॅग काढला नाही तर कर्नल स्वतः काढतो आणि त्याच नोंदीत ठेवतो, आणि हे रॉ सॉकेटला पॅकेट मिळायच्या आधी होतं. म्हणजे येणाऱ्या पॅकेटांना ऑफलोड चालू काय नि बंद काय, तुमच्या स्क्रिप्टला ७४ च. जाणाऱ्यांचं मात्र वेगळं. टीएक्स ऑफलोड चालू असेल तर आकडा नोंदीतच राहतो आणि कार्ड शेवटच्या क्षणी टॅग घालतं. बंद केलं की कर्नलला तो स्वतः पॅकेटमध्ये घालावा लागतो, आणि हे काम तुमच्या कॅप्चरच्या आधी उरकतं. म्हणून उत्तर ७८, त्यात ८१ ०० ०० ६ई, आणि साध्या होस्ट फिल्टरच्या दृष्टीनं ते आयपीच नाही. उत्तर जात होतं. तुमच्या फिल्टरनं गाळलं.

खात्री करायची असेल तर टीसीपीडंपला ‘व्हीलॅन’ फिल्टरबरोबर लहान डी द्या. ते कॅप्चर करत नाही, फिल्टरचा तयार झालेला कोड छापतं. त्यात उणे ४०४८ असा विचित्र ऑफसेट दिसला तर घाबरू नका. ती पॅकेटमधली जागा नाही, ‘नोंदीत टॅग आहे का’ असं कर्नलला विचारायची खूण आहे. त्याच्या पुढं बाराव्या बाइटला ८१०० आहे का हेही तपासलेलं दिसेल. आजचं लिबपीकॅप दोन्ही जागी बघतं म्हणूनच ‘व्हीलॅन ११० अँड होस्ट अमुक’ लिहिलंत की ऑफलोड कसंही असो, दोन्ही बाजू मिळतात.

आणि एक विचारतो, रागावू नका. टॅग बघायचाच नसेल, काटा आणि सर्व्हरचं बोलणंच ऐकायचं असेल, तर एनो१.११० वर का नाही कान लावत? तिथं सगळं बिनटॅगचं, दोन्ही बाजू, साधी फिल्टरं.

---

काटेवाला (सकाळी ९:०५)

सर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून कपाळावर हात मारला. दोन रात्री!

आरएक्सव्हीलॅन परत चालू केलं, टीएक्सही मागोमाग आपोआप चालू झालं. फाइल ‘व्हीलॅन ११० अँड’ लावून वाचली, चाळीस आली. पण स्क्रिप्ट मला सुधारायचीच आहे, आता जिद्दीला पेटलोय. पॅकेट_ऑक्सडेटा पायथनमध्ये कसं?

---

जुनाकर्नल (सकाळी ९:३०)

सॉकेटवर सेटसॉकऑप्ट: पातळी २६३, पर्याय ८, किंमत १. साधं रीसीव्ह सोडा, रीसीव्ह-मेसेज वापरा, म्हणजे पॅकेटबरोबर वीस बाइटची नोंद मिळेल. पहिले चार बाइट म्हणजे स्थिती. त्यात १६ चा बिट लागलेला असेल तरच टॅग खरा माना, नाहीतर बिनटॅगच्या पॅकेटलाही व्हीलॅन ० म्हणून मोजाल. सोळाव्या बाइटपासूनचे दोन म्हणजे टॅग, त्यातले खालचे १२ बिट घ्या. आणि नोंदीत नसेल तर बारावा-तेरावा बाइटही बघा, कुणी उद्या टीएक्स ऑफलोड बंद केलं तर टॅग तिथं असेल.

---

खिडकीवाला (सकाळी १०:१५)

माझं थोडं वेगळं. आमच्याकडं मिरर पोर्टला (स्विचवरच्या पॅकेटांची नक्कल जिथं येते तो) विंडोजचा लॅपटॉप लावून वायरशार्क (टीसीपीडंपसारखंच साधन) चालवतो. टॅग कधीच दिसत नाही, पॅकेटं मात्र सगळ्या व्हीलॅनची येतात. यात पण रजिस्टर वाचता येतं का?

---

नाशिकची_राउटर (सकाळी १०:५०)

खिडकीवाले दादा, विंडोजमध्ये ते ड्रायव्हरच्या मर्जीवर. बरेच ड्रायव्हर टॅग काढतात आणि वरपर्यंत काहीच देत नाहीत, मग वायरशार्क बिचारं शिवणार काय? इंटेलच्या कार्डांना रजिस्ट्रीत ड्रायव्हरच्या कळीखाली मॉनिटरमोड नावाची किंमत १ करून कार्ड बंद-चालू केलं की टॅग वर येतो. काही कार्डांत ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘प्रायॉरिटी आणि व्हीलॅन’ बंद करावं लागतं. तो लॅपटॉप मग कॅप्चरपुरताच ठेवा, रोजच्या व्हीलॅनचं काम त्यावर बिघडू शकतं. मी तर सरळ लिनक्सची पेनड्राइव्ह लावून बूट करते, रजिस्ट्रीत हात घालायचा जीवच होत नाही.

काटेवाले, तुमच्यासाठी दोन गोष्टी, पुढं कधीतरी नडतील म्हणून. ‘एनी’ इंटरफेसवर कॅप्चर केलंत तर एकच पिंग दोनदा दिसेल, एकदा एनो१ वर टॅगसकट, एकदा एनो१.११० वर टॅगशिवाय. ‘पॅकेटं डबल होतायत’ म्हणून मी एकदा स्विचमध्ये लूप शोधत अख्खी दुपार घालवलीय. दुसरं, सर्व्हरवरून जाणाऱ्या टीसीपी पॅकेटांचा चेकसम (चूक पकडायचा आकडा) चुकीचा आहे असं टीसीपीडंप म्हणेल, आणि कधी १५१४ पेक्षा मोठी पॅकेटं दिसतील. तेही याच जातीचं दुखणं. चेकसम घालणं आणि मोठ्या तुकड्याचे लहान करणं कार्ड नंतर करतं, तुम्ही त्याच्या आधी बघताय. त्यावरून ठेकेदाराला फोन करू नका.

आणि कुणी व्हीएमवेअरवर, म्हणजे आभासी मशीनवर, असेल तर: पोर्ट ग्रुपला ११० दिला की टॅग व्हर्च्युअल स्विच काढतो, आतल्या मशीनमध्ये ईथटूल कितीही फिरवा, काही मिळणार नाही. पोर्ट ग्रुपला ४०९५ द्यावा लागतो, मग टॅग आतपर्यंत जातो.

---

बूटमारो (सकाळी ११:०२)

बरं, मग माझं रीबूटनं का गेलं ते पण कळलं. धन्यवाद मंडळी.

टॅगवर टॅग असेल तर? आमच्या लीज लाइनवर इंटरनेटवाला बाहेरून एक टॅग घालतो.

---

जुनाकर्नल (सकाळी ११:४५)

बाहेरचा एकच नोंदीत जातो, आतला पॅकेटमध्येच राहतो. म्हणून साधी रॉ सॉकेटची स्क्रिप्ट दुहेरी टॅगच्या पॅकेटला आतला आकडा दाखवते आणि माणूस समजतो की बाहेरचा कुणी बदलला. टीसीपीडंपमध्ये ‘व्हीलॅन’ दोनदा लिहा, आधी बाहेरचा, मग आतला. बाहेरच्याची सुरुवात ८१ ०० ऐवजी ८८ ए८ असू शकते, आणि तो टॅग ओळखणं हे कार्डाचं वेगळं वैशिष्ट्य आहे, ईथटूलच्या यादीत ‘एसटॅग’च्या ओळी बघा.

---

काटेवाला (दुसऱ्या दिवशी, रात्री ८:३०)

मंडळी, निकाल लागला.

स्क्रिप्ट आता दोन्ही बाजूला ११० मोजते, येणारे-जाणारे दोन्ही. म्हणजे टॅगचा दोष कुठंच नव्हता. मग एनो१.११० वर फक्त एआरपी (‘हा आयपी पत्ता कुणाचा’ ही विचारपूस) ऐकत बसलो. दुपारी दोन वाजून गेल्यावर काट्यावरून बोंब आली, आणि नेमकं त्याच वेळी समोर दोन ओळी: सर्व्हर विचारतो ‘२१ कोण’, आणि दोघं हात वर करतात. मॅक पत्ते वेगळे. एक काट्याच्या पीसीचा, दुसऱ्याचे पहिले सहा अंक शोधले तर कॅमेऱ्याचं रेकॉर्डर बनवणारी कंपनी निघाली.

केबिनमध्ये गेलो. कॅमेरेवाल्यानं पावसाळ्यात, कारखाना बंद असताना, टेबलाखाली एक छोटं रेकॉर्डर बसवलेलं. त्याला १२० ची तार लांब पडत होती म्हणून काट्याच्याच तारेवर एक पाच पोर्टचा स्विच लावून त्यात खोचलंय. पत्ता देताना २१ ला पिंग करून बघितलं असणार, तेव्हा काट्याचा पीसी बंद, उत्तर आलं नाही, म्हणजे मोकळा समजून देऊन टाकला. चार महिने कुणाला कळलं नाही. हंगाम चालू झाला आणि दोघांची मारामारी सुरू.

रेकॉर्डरची तार उपटली. कालपासून आजपर्यंत एकदाही ‘सर्व्हर सापडत नाही’ नाही. उद्या त्याला १२० ची तार ओढतोय, पाच पोर्टचा स्विच माझ्या कपाटात कुलपात.

ठेकेदाराला फोन केला. म्हटलं तुमची ट्रंक ट्रंकच आहे. तो म्हणाला, ‘मग परवा रात्री जे बोललात ते?’ म्हटलं ते ऑफलोड झालं. त्याला कळलं नाही, पण हसला.

---

नाशिकची_राउटर (रात्री ८:५०)

भारीच! ती स्क्रिप्ट इथं टाका ना, ऑक्सडेटावाली. मलाही लागेल.

---

काटेवाला (रात्री ९:१०)

टाकतो ताई. बाराव्या ओळीच्या कमेंटमध्ये ठेकेदाराला एक शिवी आहे, तेवढी काढतो आणि टाकतो.